मातीने माखलेली जर्सी

व्हॉलीबॉल क्लबचा फॉर्म टेबलावर होता. वर्षभरातला प्रत्येक रविवार, दिवाळी, मे महिना, सगळं बाहेरगावच्या दौऱ्यांना द्यायचं होतं.

"एवढं सगळं सोडायचं, तर पोरीला खेळवतात तरी का?" मीनलच्या नवऱ्याने विचारलं.

मीनलने फॉर्म पुन्हा वाचायला घेतला. याआधीच्या तिन्ही दौऱ्यांवरून पोरीची जर्सी घडीसुद्धा न मोडता परत आली होती.

तेवढ्यात, आजच दौऱ्यावरून आलेल्या ईश्वरीने तिच्या हातात लाल मातीने माखलेली जर्सी दिली. "आई, नीट घास हं. पाचही सेट खेळले."

नवऱ्याने खुशीत सही केली.

मोरीत मीनलने जर्सी नाकाशी नेली. मातीचा वास होता, घामाचा नव्हता. छातीवर माती चोळलेल्या बोटांचे फराटे होते.

"रविवारी परत लागेल," ईश्वरी दारातून म्हणाली.

मीनल मान वर न करता घासत राहिली.