निकाल राखून ठेवणेबाबत

दाढीवाला हरला. टकल्यानं त्याच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली, पंच त्या वेळी भलतीकडंच बघत होता, आणि एक-दोन-तीन मोजून कुस्ती संपली.

असं काहीही झालेलं नाही, हे रविवारी सकाळी कमरबीच्या चुलीपुढं ठरलं. ठरवणारे दोघंच होते. एक कमरबी, दुसरा घनसावंगीचा केबलवाला कडूबा.

आत बाजेवर कमरबीचे मालक, फकरोद्दीन वस्ताद पडून होते. तीस वर्षं जत्रेतल्या कुस्त्यांना पंच राहिलेला माणूस. दर शनिवारी केबलवर अमेरिकेची कुस्ती बघायची आणि संपली की कडूबापुढं तिचा निवाडा करायचा, हा त्यांचा नेम. तीन आठवड्यांपूर्वी असाच निवाडा करताना ते खुर्चीवरून पडले आणि खुबा मोडला. जालन्याचा डॉक्टर म्हणाला, सळई टाकावी लागेल. उशीर कराल तर पुन्हा उभे राहणार नाही. वस्ताद चिरफाडीला तयार होईनात. शेवटी म्हणाले, "येत्या शनिवारी दाढीवाला जिंकून उठला, तर मी बी उठतो. न्हाई तर बाज सोडत न्हाई." आणि शनिवारी ऐन कुस्तीच्या वेळी वस्तादांच्या गल्लीची लाईट गेली; निकाल कडूबानं आपल्या घरी बघितला. लाईट गेली तशी कमरबीनं वर बघून अल्लाचे आभार मानले होते.

वस्तादांना जालन्याला न्यायची जीप साडेनवाला येणार होती. पावणेदहा झाले तरी तिचा पत्ता नव्हता. दहाला तीच कुस्ती परत दाखवणार होते.

"जिंकला म्हणतो?" वस्तादांनी विचारलं.

"जिंकला की," कडूबा म्हणाला. नजर दाराकडं.

"कोणत्या डावानं?"

"धोबीपछाड."

"टकल्यावर? पावणेदोनशे किलोच्या माणसावर धोबीपछाड?"

"हळूहळू मारला, वस्ताद."

वस्तादांनी डोळे मिटून ते चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं.

"खांदे टेकले?"

"टेकले."

"दोन्ही?"

"दोन्ही. एक आधी, एक मंग."

"पंच काय करून राह्यला होता?"

"बघत होता. टक लावून."

"मंग ती कुस्ती अमेरिकेतली न्हाई," वस्ताद म्हणाले. "टीव्ही लाव. दहाला परत दाखवतेत."

"केबलला खरखर येऊन राह्यली, बघून येतो," म्हणत कडूबा बाहेर पडला. आधी त्यानं फक्त वस्तादांचीच वायर काढायची ठरवली होती. पण शेजाऱ्याचा टीव्ही भिंतीतून ऐकू यायचा. शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचा गल्लीतून. नेमकं कुठं थांबावं हे कळेना, तेव्हा कडूबानं डिशपासून निघणारी मुख्य वायरच कापली. दहाला पाच मिनिटं कमी असताना अख्खी घनसावंगी मुंग्या बघायला लागली.

तो परत येईस्तोवर त्याच्यामागं वीस-पंचवीस माणसं होती.

"ए कडू!" सर्वांत पुढं सर्जेराव होता. "काय करून राह्यला रे तू? पिच्चरमधली नवरी मांडवातून पळून चालल्ती, तेवढ्यात गेलं!"

"मागून सांगतो, भाऊ."

"मागून काय सांगतो? पळाली का न्हाई, ते सांग!"

तेवढ्यात पुंजारामची जीप हॉर्न वाजवत आली. कमरबी दारात येऊन म्हणाली, "भांडण मंग करा बाबांनो, जल्दी बाज उचला." भांडायला आलेल्या माणसांचे हात रिकामेच होते. चौघांनी बाज उचलली. सर्जेराव डोक्याच्या बाजूला होता आणि नवरीचं विचारतच होता.

जीपच्या मागं बाज आली आणि वस्तादांची नजर कडूबाच्या हातावर गेली. हातात पक्कड होती. ती खिशात टाकायचं गडबडीत राहूनच गेलं होतं.

"सगळ्या गावाची कापली?"

"वायर खराब झाल्ती, वस्ताद."

"जिंकलेल्या माणसासाठी कोणी वायर कापत न्हाई, कडू."

कमरबीनं बाजेचा खूर घट्ट धरला. सर्जेरावानं हळूच विचारलं, "मंग बाज जीपमधी घ्यायची, का घरात परत न्यायची?"

"थांब," वस्ताद म्हणाले. "कशानं मारलं त्याला?"

"खुर्चीनं," कडूबा म्हणाला.

"पंच?"

"भलतीकडं बघत होता."

वस्तादांनी दुखऱ्या पायावर हात ठेवला. वीस-पंचवीस जणांकडं एकेक करून बघितलं. मग कडूबाकडं.

"केबलचं पावतीबुक काढ. मागच्या बाजूनं लिही."

कडूबानं पक्कड दातात धरली आणि जीपच्या दाराला टेकवून लिहून घेतलं. शेवटी वस्तादांनी पडल्यापडल्या सही केली. त्यांची सही होईपर्यंत चौघांनी बाज तशीच उचलून धरली होती.

"प्रति, मुख्य पंच, अमेरिका. विषय: निकाल राखून ठेवणेबाबत. महोदय, शनिवारच्या कुस्तीत पंचाचे लक्ष नसताना खुर्चीचा वापर झालेला आहे. अर्जदार स्वतः खुर्चीमुळेच जायबंदी असल्याने त्यास या प्रकाराची पूर्ण माहिती आहे. अर्जदार आज रोजी ऑपरेशनसाठी जालन्यास जात आहे. तरी तो स्वतःच्या पायांनी चालत गावी परत येईपर्यंत दाढीवाला हरला असे धरण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."