राखीव गोलकीपर

परदेशातल्या हॉकी स्पर्धेत भारतानं कांस्यपदक जिंकलं आणि संघातला राखीव गोलकीपर भागवत आपल्या गावी, ताडकळसला परतला. गावानं त्याला उघड्या जीपमध्ये उभं केलं. चौकातल्या बॅनरवर चेंडू अडवणाऱ्या गोलकीपरचा मोठा फोटो होता. तो दुसऱ्याचाच होता, पण हेल्मेटमुळं कुणाला कळलं नाही. सरपंचांनी माईक त्याच्या हातात दिला. “शेवटचा गोल कसा अडवलास, सांग की.” भागवतनं माईक तोंडाशी धरला. “मी खेळलोच न्हाई. सगळ्या मॅचला बाहेर बसून होतो.” सरपंच हसले. “बघा, एवढा मोठा झाला तरी किती साधा हाय!” टाळ्या वाढल्या, हलगी वाजू लागली. शेजारी उभ्या असलेल्या आईनं त्याच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. “खरंच न्हाई खेळलास?” त्यानं मान डोलावली. तिनं पदरानं त्याचा घाम पुसला आणि हळूच म्हणाली, “आता हस बाबा. लोक बघायलेत.”