उतरण्याची जागा: मये

फोन टिंग वाजला आणि क्षमाच्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप हातातच राहिलं. मेसेज बसच्या कार्डाचा होता. ‘प्रवास पूर्ण. उतरण्याची जागा: मये.’

परत मये! सासूबाई तर सकाळी सांगून गेल्या होत्या, “डिचोलीच्या बाजारात जावन येतंय.” लाटंबार्से ते डिचोली एक बस. मये त्याच्याही पुढे, दुसरी बस पकडून. आणि हा लागोपाठचा तिसरा बुधवार.

हे कार्ड गौरेशने, क्षमाच्या नवऱ्याने, आईला करून दिलं होतं. चढताना यंत्राला लावायचं, उतरताना लावायचं. कमलाक्षीबाईंकडे मोबाईल नाही, म्हणून नंबर क्षमाचा दिला. बाई कार्ड आधी यंत्राला लावत आणि मग भक्तिभावाने आपल्या कपाळाला. कंडक्टर रोज हसायचा.

पण मये कशाला? तिथे ना सोयरा, ना धायरा. पहिल्या बुधवारी क्षमाने विचारलं, तर म्हणाल्या, “मये? मी कित्याक जातंय गो थय?” आणि बाजाराची पिशवी रिकामी! शेजारच्या बाबलीच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आता ती बाबलीलाही ओळखत नाही.

कुणीतरी जायलाच हवं होतं. गौरेशचा फोन शिफ्ट संपेपर्यंत कारखान्याच्या कपाटात. राहिली क्षमा. आणि तिने तर, चार महिन्यांपूर्वी पोटातलं मूल पोटातच गेलं, तेव्हापासून अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. बस म्हणजे ओळखीच्या बायका, आणि बायका म्हणजे “कसा गो झाला ता?” सासूबाई “चल गो माझ्यावांगडा बाजारात” म्हणून म्हणून थकल्या आणि एक दिवस म्हणायच्या थांबल्या.

“खड्ड्यात गेल्या त्या बायका!” क्षमा भिंतीला ऐकवून म्हणाली. साडी बदलली, केस बांधले न बांधले, आणि बसमागे धावली.

बसमध्ये एकीने विचारलंच. “माझी सासू हरवली,” एवढंच सांगून क्षमा खिडकीबाहेर बघत राहिली. डिचोलीला बस बदलली, तीही कशीबशी. मनात एकच: सापडू दे, मला ओळखू दे.

मयेच्या तळ्याकडे उतरली, तर चहाच्या गाड्याजवळच्या बाकड्यावर कमलाक्षीबाई! पाय हलवत, मजेत चहा पीत. शेजारी आणखी एक भरलेला कप, वर साय धरलेली.

“आई! वाट चुकलात काय तुमी?” क्षमाला रडूच फुटलं.

“चुकतली कशी?” चहावाला मध्येच म्हणाला. “दर बुधवारी येता आणि दोन कप च्या सांगता. एक आपण पिता, दुसरो फुकट जाता.”

कमलाक्षीबाईंनी सुनेला हाताला धरून शेजारी बसवलं. पदराने तिचे डोळे पुसले. चहावाल्याला ताजा चहा सांगितला.

“चुकूक नाय गो बाय. मी खय उतरलंय ता तुका फोनार कळता, म्हायत आसा माका. तू सोधूक येईपर्यंत मी दर बुधवारी हयच उतरणार होतंय.”