विरुद्ध बाजू

“मावशी म्हणते, आधी आपलं म्हणणं एका वाक्यात मांडता आलं पाहिजे,” लेक म्हणाली.

“म्हणत असेल,” आई म्हणाली आणि पातेल्यावर झाकण जरा जोरातच आदळलं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दुसऱ्या शहरात वकील. ‘शिकायला घर सोडावं का?’ यावर समोरच्याला पटेल असा निबंध लिहायचाय, असं लेकीनं सांगितलं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन मावशीला. कारणं आधी जुळवून घ्यावीत. सगळ्यात जड कारण शेवटी ठेवावं. नुसतं ‘मला वाटतं’ लिहू नये, दाखला द्यावा. मावशी म्हणते, मावशी म्हणते. माय मरो नि मावशी उरो, ही म्हण नक्की कुठल्यातरी मावशीनंच रचली असणार, असं आईला वाटायचं.

त्या दिवशी मात्र लेक कागद घेऊन थेट स्वयंपाकघरात आली.

“आई, तू विरुद्ध बाजू घेशील? समोरचा काय म्हणेल ते आधीच ओळखायचं असतं. हे मावशीला नाही विचारता येत.”

“का गं? वकीलसाहेबांना जमत नाही वाटतं?”

“तुझ्याइतकं नाही.”

आईनं गॅस बंद केला. चपलांच्या दुकानात तिची निम्मी हयात गेली होती. गिऱ्हाईक का नाही म्हणतंय, हे तिला त्याच्या पावलांवरून कळायचं.

“वाचणार कोण?”

“एक बाई आहे. हुशार. पटकन बधणारी नाही.”

“मग ती म्हणेल, घराबाहेर खाण्यापिण्याची आबाळ होते. तापानं फणफणलीस तर उशाशी कोण बसणार?”

लेकीनं उत्तर दिलं. आईनं ते उडवून लावलं. लेकीनं खोडून नवं लिहिलं. भाजी गार झाली, तरी दोघी उठल्या नाहीत.

“पण हे सगळं वरवरचं,” आई म्हणाली. “गिऱ्हाईक म्हणतं टाच टोचते. खरं कारण पोटात असतं. ही बाई मनात म्हणत असेल, पोर गेल्यावर तिच्या आईनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?”

लेकीचं पेन थांबलं. “याला उत्तर काय?”

उत्तर आईला ठाऊक होतं, आणि देऊ नये असंही वाटत होतं. पण जे धाकटीला जमलं नाही ते आपल्याला जमतंय, हा मोह मोठा होता.

“लिही. आईला पोर जवळ हवं असतं ते स्वतःसाठी. आईला एकदा खरं बोलायला लावा, ती म्हणेल, जा.”

लेकीनं तिला घट्ट मिठी मारली. कित्येक दिवसांनी. सांगाडा मावशीचा असेल, जीव आपण ओतला, या आनंदात आई दुकानातही गुणगुणत राहिली.

रविवारी धाकटीचा फोन आला. आता हिला गोड शब्दांत ऐकवायचंच, असं ठरवून आईनं तो उचलला.

“ताई, निबंध वाचला. हरले मी,” धाकटी म्हणाली. “शिकायला माझ्याकडे राहायला यायचं म्हणून पोर कधीची मागे लागली होती. तू एकटी पडशील म्हणून मीच नको म्हणत होते गं. आता तिच्यासाठी खोली आवरतेय. निबंध लिहायचा कसा ते मीच शिकवलं, कबूल. पण माझ्या मनातलं तिला सांगितलं कुणी?”