शेजारची सीट

"या जावईबापू, बसा," कंत्राटदार म्हणाला आणि त्याने गाडीचं दार वर उचललं.

बहिणीच्या नवऱ्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. ही गाडी म्हणजे कंत्राटदाराचा जीव की प्राण. अमेरिकेत मोजक्याच बनल्या, त्यातली एक जहाजाने इथवर आलेली. पाठीमागे हजार घोड्यांचं इंजिन आणि बसायला जागा फक्त दोघांपुरती. त्यातल्या दुसऱ्या जागेवर त्याने स्वतःच्या बायकोलाही कधी टेकू दिलं नव्हतं. जावई लग्नापासून त्या सीटवर डोळा ठेवून होता. आज खरं तर तो बायकोला परत न्यायला आला होता, पण गाडीचं दार उघडल्यावर बायको कोणाला आठवते.

बायको, म्हणजे कंत्राटदाराची बहीण, पोर्चच्या पायरीवर बसली होती. शेजारी कपड्यांची बॅग, डाव्या मनगटाला प्लॅस्टर. "जिन्यावरून पडली वेंधळी," जावई आल्या आल्या म्हणाला होता. तो यायच्या आधी तिने भावाला एवढंच सांगितलं होतं, "दादा, मी थांब थांब म्हणते आणि तो हसतो."

कंत्राटदाराने जावयाला चार पट्ट्यांनी सीटला आवळलं. शर्यतीच्या गाडीत असतात तसले पट्टे, मधलं बक्कल पिळल्याशिवाय सुटत नाहीत. ते पिळायचं कसं, हे त्याने सांगितलं नाही. "घट्ट होतंय का?" असं आपुलकीने विचारून त्याने पट्टा आणखी एकदा ओढला.

"दादा, कुठे नेतोस त्याला?" बहिणीने विचारलं.

"एक चक्कर मारून आणतो. तू चहा घे."

रस्ता त्यानेच बांधलेला होता, रहदारीला अजून उघडायचा होता. काळाभोर, रुंद, एक खड्डा नाही. शेवटी नदीवरचा पूल, तो मात्र अर्ध्यावरच संपत होता, कारण पलीकडचा भाग जोडायचा राहिला होता.

"दादा, जरा पळवा की," जावई म्हणाला.

कंत्राटदाराने पळवली. जावयाची पाठ सीटला चिकटली. हौसेने वासलेलं तोंड तसंच राहिलं आणि समोर पुलाचं टोक दिसू लागलं.

"दादा, पुढे रस्ता नाहीये."

"माहितीये. मीच बांधलाय."

गाडी टोकाशी येऊन थांबली. खाली दगड होते आणि त्यांच्यातून वाहणारं थोडंसं पाणी.

"हात कसा मोडला तिचा?"

"अहो, सांगितलं ना, जिन्यावरून..."

कंत्राटदाराने गाडी वळवली, मागे नेली आणि पुन्हा सोडली. या खेपेला चाकं टोकाच्या आणखी जवळ गेली. जावयाची बोबडी वळली. बक्कलशी झटापट करून त्याची नखं रक्ताळली होती.

"ढकललं मी. रागात. जरासं."

"जरासं," कंत्राटदार म्हणाला आणि त्याने कोपराने जावयाचं तोंड फोडलं. ओठ फाटला. रक्त पांढऱ्या सीटवर सांडलं, त्याच सीटवर, जिच्यावर कोणी पाण्याची बाटली घेऊन वाकलं तरी हा माणूस खेकसायचा. "नीट सांग. काय केलंस?"

"पिरगळला," जावई रडत म्हणाला. "ती नको नको म्हणत होती, तरी पिरगळला. आता थांबवा."

झालं, हवं ते मिळालं होतं. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण कंत्राटदाराने गाडी परत मागे नेली. आता त्याला काही विचारायचं नव्हतं.

"दादा, सगळं सांगितलं की. थांबा. पाया पडतो तुमच्या, थांबा."

कंत्राटदाराला हसू फुटलं. पोटातून आलं, आवरेना. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जावई जितका ओरडला तितका तो हसला, आणि टोक जवळ आल्यावर त्याने ब्रेक दाबला तर तापलेला ब्रेक नीट लागेना. त्याने स्टिअरिंग गरकन फिरवलं. गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि जावयाच्या बाजूने काँक्रीटच्या कठड्यावर आदळली. दार आत दबलं. त्यात जावयाचा हात सापडला, हाड मोडल्याचं स्पष्ट ऐकू आलं. तो गुरासारखा ओरडला. कंत्राटदार डोळे पुसत अजून हसतच होता.

गाडी खरडत खरडत घरी आली. जावयाकडचं दार काही उघडेना. कंत्राटदाराने बक्कल पिळलं, त्याला कॉलर धरून आपल्या सीटवरून ओढून काढलं आणि बहिणीच्या पायाशी आणून टाकलं. नवऱ्याची ती दशा बघून तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. किती दिवसांनी ती ताठ उभी राहिली.

"माफी माग तिची," कंत्राटदार म्हणाला.

जावई ओकला. मग मोडका हात पोटाशी धरून त्याने बायकोकडे वर बघितलं, आणि माफी राहिली बाजूला, तिच्यापाशी गाऱ्हाणंच मांडलं.

"तुझा भाऊ माणूस नाही गं. मी थांबा थांबा म्हणतोय, आणि हा हसतोय."

बहिणीने भावाकडे बघितलं.

"हसलास तू?"

"अगं, तुझ्यासाठीच केलं ना सगळं."

"ते नाही विचारलं. हसलास का?"

हसू अजून कंत्राटदाराच्या तोंडावरून पुरतं गेलं नव्हतं.

तिने चांगल्या हाताने बॅग उचलली. फाटकाकडे जायची वाट त्या दोघांच्या मधून होती. तिने चेपलेल्या गाडीला मागून वळसा घातला आणि भिंतीला अंग घासत बाहेर पडली.