आणखी एक शिट्टी

आईनं वकिलाला ठणकावलं, “शेवटच्या आजारपणात मला नळ्या नकोत, मशीन नको. लिहा!” वकिलानं विचारलं, “तुमची शुद्ध हरपली, तर डॉक्टरांना हे कोण बजावणार?” आम्ही दोघे भाऊ सरसावून बसलो. “माझ्या सुनेचं नाव घाला,” आई म्हणाली. वहिनी चाटच पडली. सासूसुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कुकरच्या शिट्ट्यांवरूनही रोज जुंपायची. “आम्ही पोटची मुलं काय मेलोय?” दादा चिडला. “तुमची माया नडेल. डॉक्टर ‘आणखी एक दिवस बघू’ म्हणाले, की तुम्ही नंदीबैलासारखी मान डोलवाल. मला तसं लोंबकळायचं नाही.” “मला नाही जमणार,” वहिनी पुटपुटली. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. वहिनी डोळे पुसत उठली. “आणखी एक होऊ दे गं,” आई ओरडली. “बस झालं, आई!” म्हणत तिनं गॅस बंद केला. आई आमच्याकडे वळली, “बघितलंत?”