बाळंतिणीचं मियोक

बोंग साहेबांनी खोक्यातलं एक मियोक उचलून टेबलावर पसरलं. ते मावेना, म्हणून शेजारचं टेबल ओढून जोडलं. काळंशार, वाळून कडक झालेलं, जवळजवळ माणसाच्या उंचीचं समुद्री शेवाळ. कस्टमच्या त्या छोट्याशा कचेरीत समुद्राचा वास भरला आणि सकाळपासून जांभया देणारी मंडळी जागी झाली.

"वीतभर कापून घ्या," साहेब म्हणाले. "नमुना तपासल्याशिवाय मला 'माणसाच्या खाण्याचं' असं लिहिता येत नाही."

"आणि नाही कापलं तर?" ओकबुन आजींनी विचारलं.

"तर 'इतर'मध्ये जाईल. वैरण, खत, असलं काहीतरी."

"वैरण!" आजी म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून त्या टेबलाशीच ठाण मांडून बसल्या.

कोरियाच्या किनाऱ्यावर, गिजांगच्या खडकांवरून मियोक काढण्यात त्यांची पन्नास वर्षं गेली होती. ही वीस मियोकं दूर परदेशात, अल्माटीला निघाली होती, तिथल्या वीस कोरियन पोटुश्या बायकांनी मागवलेली. त्या विसांत आजींची नात होती आणि तिला नववा लागला होता. 'इतर' असा शिक्का बसला की पलीकडचं कस्टम हा माल खाण्यासाठी म्हणून आत येऊच देणार नव्हतं. म्हणजे बाळंतिणीला पहिल्यांदा भरवतात ते मियोकचं सार नातीच्या पहिल्या बाळंतपणात नाही.

"गिताए, घे कात्री," साहेबांनी कारकुनाला हाक मारली.

गिताए दोन पावलं मागं सरकला. "साहेब, उद्या माझी बढतीची परीक्षा आहे. आदल्या दिवशी मियोक? भिजलं की बुळबुळीत होतं ते. पार घसरेन, नापास होईन मी."

"खायला कोण सांगतंय? कापायला सांगतोय."

"हाताला लागेल ना! त्याच हातानं उद्या पेपर लिहायचाय."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि नजर दुसरीकडे वळवली. खिडकीजवळची दुसरी कारकून सेयोन नेमकी तेव्हाच टेबलाचा आधार घेत उठत होती. तिला आठवा महिना होता. साहेबांनी पुढं केलेली कात्री घाईघाईनं मागं घेतली.

"तू बस, तू बस."

"मी पाणी प्यायला उठले होते," सेयोन म्हणाली. "कात्रीला तर मी शिवणारसुद्धा नाही. नोकरी गेली तरी चालेल."

"मग आजी, तुम्हीच कापा बघू."

"मी?" आजींचा आवाज चढला. "बाळंतिणीच्या मियोकची आम्ही घडीसुद्धा घालत नाही, साहेब. कोणी भावात घासाघीस केली तर त्याला विकत नाही. मोडलं की बाई अडते. आणि तुम्ही म्हणता कात्री लावा!"

"अहो, विसातलं एकच. तुमच्या नातीचं सोडून कुठलंही."

"तिचं कुठलं ते मी ठरवलेलंच नाही. वीस बायका, वीस मियोकं. तुम्हीच सांगा, कोणाच्या बाळंतपणाला कात्री लावू?"

साहेबांनी वर पाहिलं. घड्याळात अडीच वाजले होते आणि माल चारला विमानतळावर पोचायला हवा होता.

बोंग साहेबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पन्नाशी उलटली तरी लग्न केलं नव्हतं, घरात आई आणि ते, दोघंच. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मियोकच्या टोकाशी कात्री उघडली. सेयोननं तोंड फिरवलं.

"साहेब," आजी हळूच म्हणाल्या, "तुमचा वाढदिवस कधी असतो हो?"

"झाला की. गेल्याच मंगळवारी."

"सकाळी काय खाल्लंत?"

"मियोकचं सार. वाढदिवसाला सगळेच खातात." कात्री तशीच उघडी.

"कोणी केलं होतं?"

"आईनं," साहेब पुटपुटले.

"वय काय त्यांचं?"

"एक्क्याऐंशी."

"एक्क्याऐंशी! आणि अजून दरवर्षी करतात. तुम्ही झालात तेव्हा त्यांनी तेच खाल्लं होतं, आणि कोणीतरी त्यांच्यासाठी ते न मोडता घरापर्यंत आणलं होतं." आजींनी मियोकचं टोक त्यांच्याकडे सरकवलं. "लावा आता कात्री."

साहेबांनी कात्रीकडे पाहिलं, मियोककडे पाहिलं. कात्री मिटली आणि खणात टाकून दिली. गिताएनं सुटकेचा श्वास इतक्या मोठ्यानं सोडला की सेयोनला हसू फुटलं.

"पण मी खाल्लं हा काही पुरावा होत नाही, आजी," साहेब जरा कडक आवाजात म्हणाले. तो आवाज त्यांना नीट जमला नाही. त्यांनी फॉर्म जवळ ओढला. नमुन्याच्या रकान्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: 'नमुना न घेतल्यास कारण'. सतरा वर्षांत ती भरायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता त्यांच्या गालाला खळी पडली. इतक्या वर्षांत कचेरीत ती कोणी पाहिली नव्हती.

"घे, वाच आणि शिक्का मार," त्यांनी कागद सेयोनकडे दिला.

"मोठ्यानं वाच गं पोरी," आजी म्हणाल्या. "मी चष्मा आणलेला नाही."

सेयोन एका हातानं पोट सांभाळत, हसू आवरत वाचायला लागली.

"'मुख्य अधिकाऱ्यासह या कचेरीतील एकही कर्मचारी सदर मालाला कात्री लावण्यास धजला नाही. वैरण कापताना कोणाचाही हात अडत नाही. सबब, माल माणसाच्या खाण्याचा.'"